पुण्यातून महाकाली: नदीवर चार दिवस कयाक आणि तंबू, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि त्यात दरवर्षी कोणीतरी "आपण कयाक घेऊन नदीतनं खाली येऊ, वाटेत काठावर राहू" असं म्हणतंच. मग तेच तेच प्रश्न. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय, नदी धरलीये ती उत्तराखंडातली, नेपाळच्या सीमेवरची महाकाली. क्रम वगैरे फार शोधू नका, जसे प्रश्न येतात तशी उत्तरं आहेत. घाई असेल तर निदान पाण्याच्या पातळीचा प्रश्न वाचा, बाकी नंतर वाचलं तरी चालेल.

एवढ्या लांब कशाला? पुण्याजवळ एवढ्या नद्या आहेत की.

आहेत, पण त्या सगळ्या धरणांच्या मालकीच्या आहेत असं समजा. मुळा, मुठा, पवना, भीमा, नीरा, कुठलीही घ्या, वर धरण, खाली धरण आणि मधे दर काही किलोमीटरला केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा, बंधारा. चार दिवस सलग वाहतं पाणी हवं असेल तर ते इथे मिळतच नाही. पावसाळ्यात मिळतं, पण तेव्हा विसर्ग सोडलेल्या नदीत उतरणं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नाव यायची सोय.

आणि हे केटी बंधारे लोकांना फार साधे वाटतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पावसाळा संपला की त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात, पाणी अडतं, आणि भरला की पाणी वरून एकसारखं सांडतं. वरच्या बाजूने कयाकमधून बघताना तिथे काहीच दिसत नाही, फक्त नदी एका सरळ रेषेत संपल्यासारखी दिसते. खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन उलटं भिंतीकडे फिरतं, आणि त्यात अडकलेला माणूस परत परत भिंतीपाशीच ओढला जातो. लाईफ जॅकेट घातलेलं असलं तरी. नैसर्गिक रॅपिडमधल्या (खडकांवरून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्यातल्या) भोवऱ्याला कुठेतरी बाजूने वाट असते, बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, त्यामुळे बाजूने सुटायला जागा नाही. म्हणून नियम एकच, बंधारा असेल तर पन्नास-शंभर मीटर आधीच काठाला लागायचं आणि कयाक उचलून खाली न्यायची. "एवढासा तर आहे" हे वाक्य म्हणायचंच नाही.

कुंडलिका हा चांगला अपवाद आहे, पण तो एका सकाळचा. मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून खाली कोकणात उतरतं आणि कोलाडजवळ रॅपिड तयार होतात. वीज बनली तर पाणी, नाहीतर दगडगोटे. सरावाला उत्तम, ताम्हिणीतून गेलं की आलंच. पण मुक्कामाची ट्रिप तिथे होत नाही.

उजनीच्या बॅकवॉटरला केलं तर? भिगवणला फ्लेमिंगो पण दिसतील.

फ्लेमिंगो दिसतील, नदी दिसणार नाही. तो समुद्रासारखा पसरलेला तलाव आहे आणि तिथला धोका वाऱ्याचा. मे २०२४ मध्ये कळाशी ते कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा माणसं गेली. हिवाळ्यात सकाळी काठाकाठाने पॅडलिंगला छान आहे, तेवढंच करा.

मग महाकालीच का?

आधी एक गोंधळ मिटवू. दांडेलीची काळी वेगळी, ती कर्नाटकातली, तिथे मगरी आहेत आणि रॅपिड सुपा धरणाच्या पाण्यावर चालतात. आपण बोलतोय ती कुमाऊँमधली काली, भारत आणि नेपाळच्या मधून वाहणारी, जिला नेपाळी लोक महाकाली म्हणतात आणि खाली मैदानात उतरली की शारदा म्हणतात. १८१६ च्या सुगौली तहात हीच सीमा ठरली, त्यामुळे तुम्ही पॅडल मारताना डावा हात नेपाळकडे आणि उजवा भारताकडे असतो.

पंचेश्वरला सरयू येऊन मिळते, तिथनं खाली टनकपूरच्या अलीकडे बूमपर्यंत साधारण ६०-७० किलोमीटरचा पट्टा आहे. मधे रस्ता फार कमी ठिकाणी नदीजवळ येतो, दोन्हीकडे जंगल, पांढऱ्या वाळूचे मोठे किनारे, आणि पाण्यात सोनेरी महाशीर. रॅपिड आहेत पण प्रत्येक वळणावर नाहीत, मधे मधे लांब शांत पट्टे येतात. झंस्कार किंवा सियांगसारखी थेट अंगावर येणारी नदी नाही ही, आणि ऋषिकेशसारखी गर्दीही नाही. ऋषिकेशला पहिल्यांदा शिकायला जरूर जा, पण तिथे गंगेकाठच्या बीच कॅम्पवर हरित लवादाने २०१५ मध्येच बंधनं आणली, त्यामुळे वाळूत तंबू लावायचं स्वप्न तिथे नको.

पंचेश्वरला मोठं धरण बांधायचा १९९६ चा भारत-नेपाळ करार आहे, अजून झालेलं नाही. झालं तर तिथनं वरची नदी तलाव होईल आणि खालचं पाणी धरणाच्या हातात जाईल. म्हणून जायचं असेल तर आत्ताच जाऊन घ्या, असं माझं मत.

कधी जायचं?

ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात, किंवा फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. पुणेकरांना दिवाळीची सुट्टी बरोबर बसते. मार्चमध्ये पाणी कमी, वाळू जास्त, दिवस मोठा, नवख्यांना मला तो काळ जास्त बरा वाटतो पण कोणी ऐकत नाही कारण सुट्टी नसते. जून ते सप्टेंबर प्रश्नच नाही.

आणि "ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपला" हे पुण्याचं गणित तिकडे लावू नका. १८-१९ ऑक्टोबर २०२१ ला कुमाऊँमध्ये असा पाऊस झाला की मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पडला. रस्ते गेले, पूल गेले. म्हणून तिकीट काढताना मधे एक-दोन दिवस मोकळे ठेवाच, पाणी चढलं तर काठावर बसून उतरायची वाट बघता आली पाहिजे. ज्याला सोमवारी सकाळी हिंजवडीत मिटिंग आहे तो माणूस नदीवर चुकीचे निर्णय घेतो, हे मी पाहिलंय.

नदीला पाणी किती आहे हे कसं कळणार?

हाच खरा प्रश्न आणि हाच कोणी विचारत नाही, सगळे तंबू कुठला घेऊ ते विचारतात. तीच नदी एका पातळीला खेळण्यासारखी असते आणि दोन मीटर वर गेली की तिचा स्वभावच बदलतो. काही रॅपिड पाणी वाढल्यावर बुडून जातात, सोपे होतात. काही मात्र तेव्हाच जागे होतात. काठावरची झाडं पाण्यात आली की आणखी धोका, कारण फांद्यांमधून पाणी आरपार जातं आणि माणूस मधेच अडकून राहतो. दगडावर आपटलात तर निदान बाजूला ढकलले जाता, झाडात तेही नाही.

क्युसेक हा शब्द पुण्यात पोरांनाही माहितीये, खडकवासल्यातून किती सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे आपण दर पावसाळ्यात बघतोच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण नुसता आकडा ऐकून काही कळत नाही, त्या आकड्याला ती नदी कशी दिसते ते माहिती असलेला माणूस लागतो. म्हणून निघायच्या आठवडाभर आधीपासून टनकपूर किंवा लोहाघाटच्या स्थानिक गाईडला रोज एक फोन करा. तो "ठीक है" म्हणाला की फोन ठेवू नका, काल पाणी कुठल्या दगडाला होतं, आज कुठे आहे, चढतंय की उतरतंय, गढूळ आहे की हिरवं, असं खोदून विचारा. उतरतं आणि हिरवं पाणी चांगलं. चढतं, चहाच्या रंगाचं आणि त्यात लाकडं वाहत असतील तर त्या दिवशी पत्ते खेळा.

वरच्या बाजूला धौलीगंगेवर २८० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही पातळी थोडी वरखाली होऊ शकते. हे मुक्कामाच्या वेळी लक्षात ठेवायचं, पुढे येतंय.

मला चांगलं पोहता येतं, लहानपणी टिळक तलावावर शिकलोय. पुरे ना?

तलावाला तळ असतो आणि पाणी जागेवर असतं. वाहत्या पाण्यात पोहणं हा वेगळाच प्रकार आहे. पडलात की पाठीवर झोपायचं, पाय पुढे खालच्या दिशेला, पायाचे चवडे पाण्यावर, आणि हाताने काठाकडे सरकत राहायचं. कंबरभर जोरदार पाण्यात उभं राहायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, पाय दोन दगडांत अडकला की वरचं पाणी तुम्हाला पालथं पाडतं आणि पाय काही निघत नाही. समोर आडवं झाड दिसलं तर मात्र हे सगळं उलटं, पोटावर वळून जीव खाऊन बाजूला पोहायचं, आणि नाहीच जमलं तर हातांनी रेटून फांदीच्या वर चढायचं, खाली जायचं नाही.

याशिवाय किमान एवढं यायला हवं: उलटलेल्या कयाकमधून स्कर्ट (कंबरेभोवती घालून कयाकचं तोंड बंद करणारं कापड) ओढून शांतपणे बाहेर येणं, प्रवाह तिरका कापून या काठावरून त्या काठावर जाणं, आणि एडीत शिरणं-निघणं. एडी म्हणजे दगडाच्या मागचं ते निवांत पाणी जिथे थांबून पुढचं बघता येतं. एडी पकडता येत नसेल तर तुम्ही नदीवर थांबू शकत नाही, आणि ज्याला थांबता येत नाही त्याने चार दिवसांच्या ट्रिपला येऊ नये. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच परत सरळ करणं, येत असेल तर उत्तम, नसेल तर सपोर्ट राफ्ट, म्हणजे मदतीची मोठी फुगवलेली बोट, बरोबर हवीच.

पुण्यात सराव कुठे करायचा?

संगमावर कॉलेजच्या बोट क्लबची पोरं वर्षानुवर्षं कयाक चालवतात, त्यांचा रेगाटा बघायला अख्खं पुणं जातं, पण तुम्ही आम्ही शहरातल्या मुळा-मुठेत रोलचा सराव करू नये. जलपर्णी आणि ड्रेनेजचं पाणी नाकात गेलं तर ट्रिपच्या आधीच सुट्ट्या संपतील. रोल आणि बाहेर पडणं ओळखीच्या स्विमिंग पूलवर, लांब पल्ल्याचा सराव परवानगी असलेल्या तलावावर, आणि वाहतं पाणी कोलाडला. सराव करताना रिकामी नाही, भरलेली कयाक घेऊन करा. सामान भरलेली कयाक वळायला जड जाते आणि हे पहिल्याच रॅपिडच्या तोंडाशी कळणं बरं नाही.

कयाक कुठली घ्यावी? ऑनलाईन फुगवायची स्वस्तात मिळतेय.

ती घेऊन पानशेतला जा, मुलं खूष होतील. नदीवर नको, ती एका खडकावर घासली की संपली. खऱ्या नदीसाठीच्या फुगवायच्या कयाक आणि पॅकराफ्ट (घडी होणाऱ्या हलक्या बोटी) वेगळ्या असतात, जाड कापड, वेगवेगळे हवेचे कप्पे, आणि पाणी आपोआप बाहेर जायची सोय. पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने न्यायला पॅकराफ्ट सगळ्यात सोयीची, सॅकमध्ये मावते. प्लॅस्टिकची कडक कयाक इथून नेण्यात अर्थ नाही, तिकडेच भाड्याने घ्या, पण बसून बघा, पाय नीट टेकतायत का, स्कर्ट घट्ट बसतो का. भाड्याच्या स्कर्टचा पुढचा ओढायचा पट्टा आत दुमडला गेला नाही ना, हे प्रत्येक वेळी हात लावून बघायचं. प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक वेळी.

लाईफ जॅकेट आणि हेल्मेट मात्र स्वतःचं असलेलं बरं. जॅकेट घालून कोणालातरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

चार दिवसांचं सामान त्या एवढ्याशा कयाकमध्ये मावतं?

मावतं, पण मोठी बॅग एकही नको. २० लिटरची एक ड्रायबॅग (पाणी आत न जाणारी पिशवी) भरण्यापेक्षा ५ आणि १० लिटरच्या चार बऱ्या, त्या टोकाच्या निमुळत्या जागेत जातात. जड वस्तू, म्हणजे पाणी, डाळ-तांदूळ, भांडी, बरोबर सीटच्या मागे तळाशी. स्लीपिंग बॅग, कपडे टोकाकडे. डावं-उजवं वजन सारखं. सगळं भरून झालं की कयाक गुडघाभर पाण्यात सोडा आणि बाजूने बघा, शेपूट बुडून नाक वर आलं असेल तर पुन्हा काढून भरा. कंटाळा येतो पण करा. नाक वर आलेली कयाक वारा आला की स्वतःच फिरते.

ड्रायबॅग बंद करताना हवा दाबून काढा, तोंडाला निदान तीन घड्या घाला आणि मग क्लिप. दोन घड्या घातल्या की आत पाणी जातंच. आणि तरीही स्लीपिंग बॅग आतून एका जाड कचऱ्याच्या पिशवीत. बाहेर दोरीने बांधलेलं, लोंबणारं काहीही नको, ना चप्पल ना मग, कारण लोंबणारी दोरी पाण्यात कुणाच्या पायात अडकेल सांगता येत नाही.

कपड्यांचं एकच, सुती काही नको. हवा कितीही उबदार असली तरी पाणी हिमनद्यांचं आहे, तेव्हा कपडे पाण्याच्या हिशोबाने घाला, उन्हाच्या नाही. कॅम्पसाठी एक कोरडा जोड वेगळा ठेवायचा आणि तो काहीही झालं तरी नदीवर घालायचा नाही.

खायचं काय? तिकडे मॅगीशिवाय काही मिळत नाही म्हणे.

मॅगी नेऊच नका असं नाही, पण चार दिवस पॅडल मारून मॅगीवर पोट भरत नाही. आपल्याकडचं कोरडं खाणं याबाबतीत फार सोयीचं आहे. थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, मेतकूट, भडंग, गूळ-शेंगदाणे, पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुगाची डाळ-तांदूळ घरीच मापात एकत्र करून, मीठ-हळद-तिखट त्यातच घालून, दर रात्रीची पिशवी वेगळी. अंधारात डब्बे शोधत बसावं लागत नाही. सकाळी पोहे किंवा सांजा, भांडं लवकर धुतलं जातं. दुपारी चूल नाही, नुसतं कोरडं. नदीवर चितळ्यांची बाकरवडी इतकी भारी लागते की ती पहिल्याच दिवशी संपते, म्हणून एक पाकीट ट्रिपच्या म्होरक्याने लपवून ठेवावं.

गॅसचं कॅनिस्टर विमानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही, आणि ट्रेनमध्येही नेऊ नका. स्टोव्ह न्या, गॅसची सोय दिल्लीत किंवा गाईडकडून करून ठेवा. वाहून आलेली सुकी लाकडं वाळूवर भरपूर असतात, पण जाळ करायचा तर आधी वनखात्याचं काय म्हणणं आहे ते विचारा, आणि केलाच तर पाण्याजवळ, ओल्या वाळूत.

प्यायचं पाणी?

नदीचंच, पण थेट नाही. त्या पाण्यात बारीक रेती असते, फिल्टर लावला की दुसऱ्या दिवशी बंद पडतो. आपली साधी तुरटी न्या. संध्याकाळी बादलीत पाणी भरायचं, तुरटीचा खडा चार-पाच वेळा गोल फिरवायचा आणि सोडून द्यायचं. तासाभरात तळाला राखाडी थर बसतो, वरचं पाणी हळूच काढून घ्यायचं, मग फिल्टर किंवा खळखळून उकळणं. नुसत्या तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, पिण्यालायक होत नाही, त्यामुळे उकळायचा कंटाळा नको. लहान ओढा मिळाला तर तो बरा, पण वर गाव आहे का बघून.

तंबू कुठे लावायचा?

सगळ्यात सुंदर जागा पाण्याच्या अगदी कडेला असते आणि तीच सगळ्यात वाईट. वाळूवर आडव्या रेषा बघा, काटक्या, पानं, फेसाचे वाळलेले डाग. त्यातली सगळ्यात वरची ताजी रेष म्हणजे पाणी अलीकडे जिथपर्यंत आलं होतं ती जागा. तंबू तिच्याही बराच वर. कोरड्या ओढ्याच्या मुखाशी नाही, कड्याच्या खाली नाही.

पोचल्या पोचल्या पाण्याच्या काठावर एक काठी रोवायची आणि तिच्यापासून वर हातभर अंतरावर दुसरी, मग तिसरी. चहा झाला की बघायचं, जेवण झालं की बघायचं, झोपताना बघायचं. पहिली काठी पाण्यात गेली तर कान टवकारा, दुसरी गेली तर गप्पा बंद, सामान वर. रात्री लघवीला उठेल त्याने टॉर्च मारून काठ्या बघून यायचं हा अलिखित नियम. कयाक तंबूच्या बरोबरीने वर ओढून, उलट्या करून, झाडाला किंवा मोठ्या दगडाला बांधायच्या. सगळ्यांच्या. "सकाळी लवकर निघायचंय, राहू दे खालीच" असं म्हणणारा एक तरी असतो, त्याचीसुद्धा.

टॉयलेटचं कसं काय? (हा प्रश्न सगळे खाजगीत विचारतात.)

पाण्यापासून साठ मीटर तरी लांब, माती असलेल्या जागी, वीतभर खोल खड्डा, आणि बुजवायचा. वाळूत पुरू नका, वाळूत काही कुजत नाही आणि पुढच्या माणसाने तिथेच तंबू लावला तर. जागा अरुंद असेल तर घट्ट झाकणाचा डबा न्यायचा आणि सगळं परत आणायचं. ऐकायला किळसवाणं वाटतं, दुसऱ्या दिवशी सवय होते. टिश्यू आणि पॅड परतच आणायचे, यात चर्चा नाही. पाळी चालू असेल तर ट्रिप रद्द करायची अजिबात गरज नाही, कप वापरत असाल तर धुवायला उकळून गार केलेलं पाणी वेगळं ठेवा.

परवानग्या लागतात का?

लागतात आणि त्या तुमच्या गाईडने काढलेल्या बऱ्या. उत्तराखंडात राफ्टिंग-कयाकिंगवाल्यांना पर्यटन विकास परिषदेचा परवाना असतो, तो दाखवायला सांगायला लाजू नका. जंगलाच्या जमिनीवर मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी. आणि ही आंतरराष्ट्रीय सीमा असल्याने सशस्त्र सीमा बलाचे जवान काठावर भेटतात, विचारपूस करतात. आधार किंवा पासपोर्टची मूळ प्रत ड्रायबॅगेत वर ठेवा, नावांची यादी आणि मुक्कामाच्या जागा लिहिलेला एक कागद त्यांना आधीच देऊन ठेवला तर गोष्टी सोप्या होतात. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही हे खरं, पण म्हणून वाटेल तिथे पलीकडच्या काठावर तंबू ठोकू नका. मुक्काम आपल्याच बाजूला. ड्रोन घरी.

रेंज असते का? सॅटेलाईट फोन न्यायचा विचार आहे.

दरीत रेंज नाहीच असं धरून चला. सॅटेलाईट फोन आणि परदेशातून आणलेली सॅटेलाईट मेसेंजर यंत्रं भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बेकायदा आहेत, विमानतळावर लोकांवर गुन्हे दाखल झालेत. सीमेवर तर नकोच. त्याऐवजी जुनी पद्धत: पुण्यात एका जबाबदार माणसाकडे पूर्ण कार्यक्रम, गाईडचा नंबर, आणि "अमुक दिवशी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर याला कळव" हे लिहून ठेवायचं. आईला नाही, मित्राला. आई सहा वाजताच फोन सुरू करेल. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत.

आईबाबांना काय सांगायचं मग?

खरं सांगा. "ट्रेकला चाललोय" असं सांगून गेलेल्या पोरांचे फोटो नंतर काकूंच्या व्हॉट्सअॅपवर दिसतातच.

पुण्याहून जायचं कसं?

झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसने किंवा विमानाने दिल्ली, तिथनं टनकपूरपर्यंत थेट रेल्वे आहे, पूर्णागिरी जनशताब्दी. टनकपूरहून जीपने चंपावत, लोहाघाट, आणि तिथनं खाली पंचेश्वर. घाटरस्ता आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसा. जास्तीचे कपडे, लॅपटॉप वगैरे टनकपूरलाच ठेवायचं, कारण नदी तुम्हाला परत तिथेच आणून सोडते. मार्चनंतर जाणार असाल तर पूर्णागिरीच्या यात्रेची गर्दी असते, खोल्या आधी बुक करा.

रोज किती किलोमीटर?

१५ ते २०. नदी जास्त नेऊ शकते, पण रॅपिड उतरून बघणं, जेवण, फोटो, यात वेळ जातो. दुपारनंतर दरीतून उलटा, वरच्या दिशेने वारा सुटतो आणि तोंडावर येतो, तेव्हा सकाळी लवकर निघायचं आणि दोन-तीनपर्यंत कॅम्प गाठायचा. बूमला बाहेर पडायची जागा आधी रस्त्याने येऊन बघून ठेवा. पुढे टनकपूरचं बॅरेज आहे आणि तिथे चुकून पोचणं परवडणारं नाही.

रॅपिड बघून टरकली तर?

मग चालत जायचं. चूका नावाच्या गावाजवळचा रॅपिड या पट्ट्यातला सगळ्यात तगडा मानतात, तिथे बरेच जण काठाने चालतात आणि कोणी हसत नाही. मोठा आवाज आला, पुढचं दिसत नाही, की काठाला लागायचं, उतरून वरून बघायचं. पाण्यात खालच्या दिशेला टोक असलेला गुळगुळीत व्ही दिसला तर ती वाट, टोक वरच्या दिशेला असेल तर तिथे दगड आहे. रस्ता ठरवून झाला की खालच्या बाजूला दोघं, पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी घेऊन उभे राहतात, मगच पहिला सुटतो. आणि कुणी "नाही" म्हणालं तर त्याला समजावायला जायचं नाही. ग्रुपमधल्या सगळ्यात घाबरलेल्या माणसाचं मत तिथे अंतिम, हे निघायच्या आधीच पुण्यात सगळ्यांसमोर ठरवून टाका, कारण तिथे गेल्यावर अहंकार मधे येतो.

किती जणांनी जावं?

तीन कयाकपेक्षा कमी कधीच नाही, एक अडकला तर एक वाचवायला आणि एक मदत आणायला. आठच्या वर गेलं की वरात होते. पहिली ट्रिप असेल तर एक सामानाची राफ्ट आणि गाईड घ्याच, पैसे तिथे वाचवू नका. खर्चात सगळ्यात मोठा वाटा प्रवास, जीप आणि गाईडचाच असतो, ग्रुप पाच-सहाचा असला की डोईवर बरा पडतो.

कोणाला लागलं तर?

सगळ्यात जास्त खांदा निखळतो, पॅडल डोक्याच्या वर नेऊन पाण्यावर टेकायला गेलं की. कोपर छातीजवळ ठेवायची सवय पुण्यातच लावा. दुसरं म्हणजे थंडी: माणूस कुडकुडायचा थांबला, बोलणं अडखळायला लागलं, म्हणजे तो बरा झालेला नाही, बिघडलाय. ओले कपडे काढा, कोरड्या स्लीपिंग बॅगेत घाला, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा. दारू नाही, त्याने अंग आणखी गार पडतं. तिथनं दवाखान्यापर्यंत न्यायला कित्येक तास लागू शकतात, म्हणून ग्रुपमध्ये प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला निदान एकजण हवा. रेंज आल्यावर ११२ किंवा १०८. पुढची मोठी गावं टनकपूर, चंपावत, पिथौरागढ.

वाघ-बिबटे?

जंगल आहे, तेव्हा आहेत. चूकाजवळच्या ठाक गावची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटने १९३८ मध्ये मारली, आणि ही गोष्ट गाईड पहिल्याच रात्री शेकोटीपाशी सांगतोच, त्याला मजा येते. अंधारात एकट्याने जंगलात शिरू नका, उरलेलं अन्न तंबूत ठेवू नका. खरा त्रास माकडांचा आहे, ती दिवसाढवळ्या ड्रायबॅगची क्लिप उघडतात.

कुत्रा आणला तर चालेल का?

नाही.